विभक्त राहण्याची तारीख

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज लिहिताना सुरुवातीला सगळं सुरळीत चाललेलं असतं. लग्नाची तारीख, लग्नाचं ठिकाण, पत्नीचं माहेरचं नाव, मुलं असतील तर त्यांची वयं. मग एक ओळ येते. ‘अर्जदार क्रमांक १ व २ हे दिनांक ........ पासून एकमेकांपासून विभक्त राहत आहेत.’ इथे जोडपी अडखळतात. नवरा म्हणतो, मार्चमध्ये ही माहेरी गेली ना, तेव्हापासून धरा. बायको खाली बघत म्हणते, मार्च कसला, त्याच्या आदल्या गणपतीपासून धरा. आणि नवरा तिच्याकडे बघतच राहतो. आपला संसार समोरच्यानं आपल्या कितीतरी आधी संपवला होता, हे काहींना वकिलाच्या टेबलाशी कळतं.

कोर्टाला एक तारीख लागते. हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण संमतीनं वेगळं होण्याची सोय त्यात १९७६च्या दुरुस्तीनं आली, कलम १३ब. अर्जाच्या आधी निदान एक वर्ष दोघं वेगळे राहत असले पाहिजेत ही त्यातली अट. वेगळे म्हणजे वेगळ्या घरात का? सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात सांगून ठेवलंय की राहण्याच्या जागेशी याचा संबंध नाही. नाइलाजानं एका छपराखाली राहत असले, तरी नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळेच. पुण्यामुंबईची घरभाडी माहीत असणाऱ्या कुणालाही हा निकाल पटेल. एका टू बीएचकेत एक खोली त्याची, एक तिची, फ्रिजमध्ये दुधाच्या दोन वेगळ्या पिशव्या आणि मोलकरणीला सूचना दोन मोबाईलवरून, असे संसार शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या जिन्यात रोज भेटतात.

ती रिकामी जागा मला एका जोडप्यासाठी भरून बघायची आहे. ते माझे पक्षकार नाहीत. बोस्टनला राहतात, त्यामुळे आपल्या कोर्टाला त्यांच्याशी घेणंदेणं नाही. शिवाय ते गोष्टीतले आहेत. झुंपा लाहिरी यांची ‘अ टेम्पररी मॅटर’ ही कथा १९९८ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली आणि १९९९ साली ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या नऊ कथांच्या संग्रहात पहिलीच कथा म्हणून बसली. संग्रहाला २००० सालचं पुलित्झर मिळालं. ज्यांनी वाचली नाही त्यांनी आधी वाचून यावं. पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, कारण शेवट वगळून या कथेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शोभा तेहतीस वर्षांची, शुकुमार पस्तीसचा. दोघंही बंगाली घरांतले आणि आता पुरते अमेरिकेतले. ती पाठ्यपुस्तकांचं मुद्रितशोधन करते. तो भारतातल्या शेतकरी उठावांवर प्रबंध लिहितोय, म्हणजे लिहायचा आहे. घरी वीज कंपनीची नोटीस येते. बर्फाच्या वादळात तुटलेली तार दुरुस्त करायची आहे, तेव्हा पाच दिवस रोज संध्याकाळी आठला एक तास वीज बंद राहील. तात्पुरती बाब आहे, असं नोटिशीत लिहिलेलं. कथेचं नाव तिथूनच आलंय.

नोटीस वाचताना शोभा म्हणते की ही कामं त्यांनी दिवसा करायला हवीत. शुकुमार म्हणतो, म्हणजे मी घरी असतो तेव्हा. संपूर्ण कथेत भांडण म्हणावं असं जवळपास एवढंच. आवाज चढत नाही, भांडं आपटत नाही. कोर्टात भांडणारी जोडपी मी पुष्कळ बघते. सासूच्या औषधाच्या बिलावरून, मुलाच्या शाळेवरून, तीन वर्षांपूर्वीच्या एका लग्नात कोण कुणाशेजारी बसलं यावरून. समुपदेशक त्यांना समोरासमोर बसवतात आणि दार बंद असूनही बाहेर सगळं ऐकू येतं. या दोघांना समोरासमोर बसवलं तर आधी काय ऐकू येईल? एकमेकांना ‘थँक यू’ म्हणतील बहुधा.

तर तारीख. सगळ्यात सोपं उत्तर पाचव्या संध्याकाळचं. त्या संध्याकाळी कामावरून येताना शोभा बीकन हिलवरच्या एका फ्लॅटच्या भाडेकरारावर सही करून आलेली असते. कागद आहे, सही आहे, तारीख आहे. कुणीही वकील तेच लिहील आणि कोर्ट ते मान्य करील. पण १९९१चा तो निकाल डोक्यात असेल तर एवढ्यावर थांबता येत नाही. कारण भाडेकरार होण्याच्या कितीतरी आधी ही दोघं जेवायला एकत्र बसायची बंद झालेली आहेत. तो ताट घेऊन वर अभ्यासाच्या खोलीत जातो. ती दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसते, मांडीवर तपासायचे कागद आणि रंगीत पेन्सिली. दिवसातून एकदा ती वर त्याच्या खोलीत डोकावते, फार काम करू नकोस म्हणते. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला की तो हातातली कादंबरी बाजूला सारतो आणि टाइप करायला लागतो.

हा तपशील मला फार खरा वाटतो. शाळकरी पोरगं बापाची चाहूल लागली की पुस्तक उघडतं, तसा हा नवरा बायकोची चाहूल लागली की काम करतो. अशा दोघांमध्ये एकत्र नांदण्यासारखं काही शिल्लक आहे का, हे विचारायला न्यायाधीश लागत नाही.

मग तारीख जानेवारीची धरायची का? शुकुमारनं टेबल त्या वरच्या खोलीत हलवलं तो महिना? ती खोली बाळाची होती. उन्हाळ्यात दोघांनी तिच्या भिंतींवर बदकं आणि ससे चिकटवले होते. बाळ सप्टेंबरमध्ये गेलं, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, जन्मायच्या आतच. शोभाला दवाखान्यातून घरी आणण्यापूर्वी त्यानं पाळणा सुटा केला आणि ती बदकं-ससे उलथन्यानं खरवडून काढले. पुढे त्यानं तिथे टेबल मांडलं, कारण शोभा त्या खोलीत यायचं टाळत होती. निवांतपणासाठी माणूस बायको जिथे पाय ठेवणार नाही अशी जागा शोधतो आणि ती त्याला नेमकी तिथे सापडते.

तारीख अजून मागे न्यायची तर त्याच सप्टेंबरात जावं लागतं. कळा सुरू झाल्या तेव्हा शुकुमार बाल्टिमोरला एका परिषदेत होता. त्याला जायचं नव्हतं, तिनंच पाठवलं, पुढच्या वर्षी नोकरी शोधायची तर ओळखी हव्यात म्हणून. तिनं सगळी व्यवस्था केलेली होती. हॉटेलचा नंबर लिहून घेतलेला, वेळ आलीच तर दवाखान्यात कोण नेणार तेही मैत्रिणीशी ठरवलेलं. टॅक्सीतून मागे वळून बघताना त्याला ती दिसते, एक हात निरोपाला वर, दुसरा पोटावर.

शोभाच्या या व्यवस्थेबद्दल थोडं बोलायला हवं. ती संकटाची तयारी ठेवणारी बाई आहे. दर दुसऱ्या शनिवारी बाजारातून बासमतीच्या गोण्या आणायच्या, अख्खी बकरी कापून घेऊन पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायची, चटण्यांच्या बरण्या भरायच्या. पाककृतीच्या पुस्तकांत प्रत्येक पदार्थाशेजारी तो कधी केला ती तारीख टिपून ठेवायची. कामावर मिळणारा बोनस स्वतःच्या नावच्या वेगळ्या खात्यात टाकायचा. शुकुमारला याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. त्याचे वडील गेले तेव्हा आई पार कोलमडली होती, सगळं निस्तरायला त्याला एकट्याला टाकून कलकत्त्याला निघून गेली होती. अशा मुलाला पुढचा विचार करणारी बायको हवीच असते. बाळ गेल्यावर शोभानं बाजार करणं सोडलं. आता शुकुमार रोज रात्री तिच्याच साठ्यातलं काढून रांधतो, तिच्याच पुस्तकांत बघून, आणि साठा संपत आलाय. बोनसचं खातं मात्र तसंच आहे. नव्या घराच्या अनामत रकमेला साठवलेले पैसे होते असं ती पाचव्या रात्री सांगते, तेव्हा मला ते खातं आठवलं. संकटाची तयारी म्हणून जे ठेवलं त्यातलं जेवण नवऱ्यानं खाल्लं आणि पैसा तिला वेगळं व्हायला उपयोगी पडला.

आता तो अंधाराचा तास. पहिल्या रात्री घरात धड मेणबत्तीही नसते, वाढदिवसाच्या केकवरच्या इवल्या मेणबत्त्या कुंडीतल्या मातीत खोचून दोघं जेवायला बसतात. बऱ्याच महिन्यांनी एका टेबलाशी. शोभाला भारतातलं आजीचं घर आठवतं. तिथे वीज गेली की प्रत्येकानं काहीतरी म्हणून दाखवायचं, कविता, विनोद, काहीही. हे आपल्याला समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना संध्याकाळचे गाण्याच्या भेंड्यांचे तास आठवत असतील. कुठल्या भागात कधी वीज जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं, लोक त्यावर स्वयंपाक आणि अभ्यास बेतायचे. काळोखात डास मारत सगळं घर गच्चीवर जमायचं आणि उजेडात कधी तोंड न उघडणारा काका अचानक सुरात गायला लागायचा. शोभा मात्र खेळ थोडा बदलते. कविता नको, एकमेकांना आजवर न सांगितलेली एकेक गोष्ट सांगू या, म्हणते.

इथून पुढे कथा फार हुशारीनं रचलेली आहे. आपण सगळं शुकुमारच्या डोळ्यांनी बघतो. माझ्या भाषेत सांगायचं तर हा दावा एकतर्फी चालतो. शोभाची कैफियत दाखलच होत नाही. तिच्या मनात काय आहे हे लेखिका एका वाक्यानंही सांगत नाही. फक्त ती काय करते, काय बोलते, कोणते कपडे घालते एवढंच दिसतं. एकतर्फी प्रकरणात न्यायाधीशाला जे करावं लागतं तेच इथे वाचकानं करायचं असतं. समोर आलेल्या पुराव्यातूनच गैरहजर बाजूचं म्हणणं ओळखायचं.

तर पुरावा पाहू. पहिल्या रात्री शोभा सांगते, नव्या ओळखीत एकदा तुझ्या घरी गेले असताना तुझ्या पत्त्यांच्या वहीत मी हळूच बघितलं होतं, माझं नाव आहे का. दुसऱ्या रात्री, तुझी आई आली होती तेव्हा ऑफिसात थांबावं लागलं असं सांगितलं, पण मी मैत्रिणीबरोबर बारमध्ये बसले होते. तिसऱ्या रात्री, तू विभागप्रमुखांशी बोलत होतास आणि तुझ्या हनुवटीला खाणं लागलं होतं, मी बघितलं आणि तुला सांगितलं नाही. चौथ्या रात्री, तुझी छापून आलेली एकुलती एक कविता मला कधीच आवडली नाही.

आता शुकुमारचं. पहिल्या रात्री, पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हिच्याशी आपण लग्न करू असं वाटून गेलं आणि त्या नादात वेटरला टिप द्यायला विसरलो, दुसऱ्या दिवशी परत जाऊन दिली. दुसऱ्या रात्री, वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी कॉलेजच्या परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिलं. तिसऱ्या रात्री, लग्नाच्या वाढदिवसाला तू दिलेला स्वेटर हरवला नव्हता, दुकानात परत करून पैसे घेतले आणि भरदुपारी एकट्यानं दारू प्यायलो. चौथ्या रात्री, तू गरोदर होतीस तेव्हा मासिकातलं एका बाईचं चित्र फाडून पुस्तकात ठेवलं होतं.

दोघांची यादी शेजारी शेजारी ठेवली की दिशा दिसते. शोभा त्याच्या वहीत आपलं नाव शोधण्यापासून निघते. मग त्याच्या घरापासून लांब बसलेली दिसते, मग त्याची फजिती शांतपणे बघणारी आणि शेवटी त्याच्या लिखाणावरून कायमची फुली मारणारी. एकेक रात्र ती एकेक पाऊल दाराकडे सरकतेय. शुकुमार उलट्या बाजूनं येतोय. लग्नाच्या आधीपासून निघून, बापाच्या मरणावरून, वाढदिवसाच्या भेटीवरून तो चौथ्या रात्री शोभाच्या गरोदरपणापाशी पोचतो. म्हणजे सप्टेंबरच्या उंबऱ्यावर. ज्या गोष्टीबद्दल दोघं सहा महिने बोललेली नाहीत तिच्या दिशेनं तो सरकतोय, बहुधा त्याच्याही नकळत. अंधार एकच, खेळ एकच, पण ती बाहेर निघालीय आणि तो आत येतोय. चौथ्या रात्री दोघं कित्येक महिन्यांनी जवळ येतात, त्याला वाटतं सगळं जुळलं. त्याला तसं वाटणं साहजिक आहे. दिशा वेगळ्या असलेली माणसंसुद्धा वाटेत एकदा एकमेकांच्या अगदी शेजारून जातात.

पाचव्या दिवशी वीज कंपनीची दुसरी चिठ्ठी येते. काम लवकर संपलं, आता वीज जाणार नाही. शुकुमार हिरमुसतो. कोलंबीची मलाई करायची म्हणून तो दुकानात गेलेला असतो, तिथली कोलंबी त्याला आता फिकट दिसायला लागते. तरी घेऊन येतो. मेणबत्तीच्या उजेडातच जेवण होतं. जेवण संपल्यावर शोभा मेणबत्ती फुंकते आणि दिवा लावते. हे सांगताना माझा चेहरा तुला दिसायला हवा, म्हणते. दिवस गेल्याची बातमी देतानाही ती हेच शब्द बोलली होती. त्या वेळी तिनं टीव्हीवरचा बास्केटबॉलचा सामना बंद केला होता. शुकुमारला क्षणभर वाटतं, पुन्हा तेच सांगतेय की काय. ती फ्लॅटचं सांगते. सांगताना त्याच्या डाव्या खांद्यामागच्या कशाकडे तरी बघत असते.

वाचक इथे शुकुमारच्या बाजूनं चिडतो. चार रात्री ती आपल्याला वेगळं होण्याची तालीम करत होती! शुकुमारलाही तसंच वाटतं, मळमळल्यासारखं होतं त्याला. पण त्याच वाक्यात लेखिका त्याला सुटल्यासारखंही वाटलं असं सांगते, ते घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. आणि पुढे जे येतं त्यानं माझ्या अर्जातली तारीख ठरते.

बाळ मुलगा की मुलगी हे आधी जाणून घ्यायचं नाही, असं शोभानं ठरवलं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिला अचानक कळायला हवी होती. बाळ गेल्यावर ते न कळणंच तिचा आधार झालं. आणि तिची समजूत अशी की शुकुमारलाही माहीत नाही, तो बाल्टिमोरहून उशिरा पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. पण तो वेळेवर पोचला होता. शोभा झोपेत होती. डॉक्टर म्हणाले, बाळाला हातात घ्या, दुःख सोसायला मदत होईल. तो आधी मागे हटला, मग त्यानं घेतलं. दहनाच्या आधी मुलगा बापाच्या हातांत होता. शोभाला हे कधीच सांगायचं नाही असं त्यानं त्या दिवशी स्वतःला बजावलं, कारण तेव्हा त्याचं तिच्यावर प्रेम होतं. हा ‘तेव्हा’ लेखिकेचा आहे, माझा नाही.

पुढे शोभाची आई मदतीला येऊन राहते. देवघर मांडते, स्वयंपाक करते, नातवंडांसाठी प्रार्थना करते. शुकुमारशी बाळाच्या जाण्याबद्दल फक्त एकदा बोलते, तेही एवढंच की तू तर तिथे नव्हतासही. आणि तो गप्प बसतो. साक्षीदार समोर उभा आहे, आरोपाचं उत्तर त्याच्यापाशी आहे, आणि तो तोंड उघडत नाही. बायकोवरच्या प्रेमापोटी गप्प बसतो हे मान्य. पण त्या गप्प बसण्यानं घरात एक अशी गोष्ट येऊन राहिली जी एकाला माहीत होती आणि दुसरीला नव्हती. दोघांच्या वाट्याला एकच मूल आलं, एकच मरण आलं, पण एकानं ते मूल पाहिलं होतं. सहा महिने शोभा ज्या नवऱ्याकडे बघत होती तो तिच्या कल्पनेतला नवरा होता, उशिरा पोचलेला. पाहून आलेला नवरा वर खोलीत टाइप करत बसला होता.

म्हणून माझ्या मते ती जागा सप्टेंबरातल्या त्या दिवसानं भरायची. घर शोभानं सोडलं हे खरं, कागदावर तिचीच सही आहे. पण वेगळा आधी झाला तो शुकुमार, दवाखान्यात, हातात मूल असताना. शोभाला दोष देणाऱ्यांना मी हेच विचारते. ती ज्याला सोडून निघाली आहे असं तुम्ही म्हणता, तो माणूस तिला सहा महिन्यांत भेटला कुठे?

पाचव्या रात्री, भाडेकराराची बातमी ऐकल्यावर, तो हे सगळं सांगतो. मुलगा होता. अंग गव्हाळ होण्याऐवजी लालसर होतं. डोक्यावर काळे केस होते. वजन पाच पौंडांच्या जवळपास. बोटं मिटलेली, रात्री झोपेत तुझी असतात तशी. शोभाचा चेहरा वेडावाकडा होतो. तो ताटल्या गोळा करून सिंककडे जातो, नळ सोडत नाही, खिडकीतून बघत उभा राहतो. बाहेर शेजारचं जोडपं हातात हात घालून फिरतंय. तेवढ्यात खोली अंधारते. दिवा शोभानं घालवलेला असतो, या वेळी वीज कंपनीनं नाही. ती टेबलाशी येऊन बसते, थोड्या वेळानं तोही येतो आणि दोघं रडतात, आता जे दोघांनाही कळलंय त्यासाठी.

ही कथा मी माझ्या ज्युनिअरला वाचायला दिली होती. ती अजून तिशीच्या आतली, घटस्फोटाच्या केसेस तिला पाठ, लग्न अजून व्हायचंय. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेताना तिनं थेट निकालच दिला. म्हणाली, मॅडम, ही मानसिक क्रूरता आहे. कलम १३(१)(आय-ए). मी शोभाची वकील असते तर हाच मुद्दा घेतला असता. सर्वोच्च न्यायालयानं २००७च्या समर घोष विरुद्ध जया घोष निकालात मानसिक क्रूरतेची जी उदाहरणं दिली आहेत, त्यात जाणूनबुजून केलेली उपेक्षा आणि अनास्था आहेच. हे तर त्याच्याही पुढचं. बायको निघाली हे कळल्यावर तिच्या हातातली एकमेव गोष्ट, न कळण्याची, ती यानं हिसकावून घेतली. आधी सांगितलं असतं तर प्रेम. आता सांगितलं म्हणजे सूड.

तिचा मुद्दा कच्चा नाही. वेळ बघितली की सूडच दिसतो. माझ्या समोरही असे नवरे आणि अशा बायका बसल्या आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षं जपलेली गोष्ट नेमकी सही करायच्या दिवशी काढली. संमतीच्या अर्जानंतर थांबायचे ते सहा महिने, जे २०१७पासून योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, तेवढ्यात असा एखादा फोन येतो आणि संमतीची केस भांडणाची होते. शुकुमारच्या मनात सूड नव्हता असं मी म्हणणार नाही. लेखिकाही तसं म्हणत नाही.

तिला मी एवढंच म्हटलं की त्याची साक्ष नीट वाच. सूड घ्यायला ‘मुलगा होता’ एवढं पुरेसं होतं. बाकीचं कशाला सांगतो तो? वजन, केस, कातडीचा रंग? हे तिच्याकडे नसलेलं आहे, आणि आईला हेच लागतं. पोरगं कुणासारखं होतं हे कुणीतरी पाहून सांगावं लागतं आणि पाहिलेला माणूस एकच आहे. आणि ती बोटं. झोपेत तुझी असतात तशी. जो नवरा बायकोच्या पावलांचा आवाज आला की टाइप करायला लागतो, तो रात्री तिच्या मिटलेल्या मुठी बघत पडलेला असायचा, हे त्याच्या तोंडून त्या रात्री पहिल्यांदा बाहेर येतं. एकतर्फी चाललेल्या दाव्यात त्यानं स्वतःच स्वतःविरुद्ध दिलेला हा पुरावा आहे. प्रेम ‘तेव्हा’ होतं म्हणतोस ना, मग ही बोटं तुला आज कशी आठवतात?

ज्युनिअरनं हे ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाली, ते ठीक आहे मॅडम, पण ती शुक्रवारी सामान हलवणारच ना?

शुक्रवारचं कथेत काही नाही, तो तिनं स्वतःच लावला. पण हो, हलवेल. अनामत भरलीय, करार झालाय, आणि शोभा केलेली व्यवस्था मोडणाऱ्यांतली नाही. काही वाचक शेवटच्या ओळीवरून दोघांचं जमलं असं धरून चालतात. मला तसं वाटत नाही. मात्र बीकन हिलच्या त्या घरात ती केवळ शुकुमारला सोडून राहायला जाणार नाही, आपल्या मुलाचे केस काळे होते हे माहीत असलेली बाई म्हणून राहायला जाईल. ‘मग फायदा कुणाचा झाला?’ ज्युनिअरनं विचारलं. तेवढ्यात शिपायानं आमच्या प्रकरणाचा पुकारा केला आणि आम्ही दोघी फाईल उचलून धावलो.